आरसा धरणाऱ्याची बाजू

१४ नोव्हेंबर

प्रिय,

(हा शब्द खटकला तर खोडून पुढे वाच. मायना लिहिल्याशिवाय मला पत्र सुरूच करता येत नाही.)

कॉलेजच्या फाटकाशी तू जे सुनावलंस ते मी विसरलेलो नाही. ‘माझ्या वतीने बोलणं ज्या दिवशी बंद करशील, त्या दिवशी माझ्याशी बोलायला ये. तोवर तोंड उघडू नकोस.’ अक्षर न् अक्षर लक्षात आहे. पण तू बोलायला बंदी केलीस, लिहिण्याबद्दल काही म्हणाली नव्हतीस. म्हणून हे पत्र. यात तोंड उघडण्याचा प्रश्नच येत नाही, मी ओठ घट्ट मिटून लिहितोय.

मी कॉलेज सोडलं ते तुझ्यासाठी, हे मी कुणालाही सांगत नाही. फक्त बाबांना सांगितलं. मग दादाला, वहिनीला, आणि इथे येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना. ते मधल्याच एका थांब्यावर उतरून गेले. बाबा म्हणाले, ‘तिने सांगितलं होतं का सोडायला?’ मी म्हणालो, सांगायला कशाला हवं, काही गोष्टी न सांगता कळतात. त्यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘भाऊजी, तुम्हाला सांगितलेल्याही कळत नाहीत.’ घरात ही अशी किंमत.

पण त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं, हे मला मान्य नाही. सर भर वर्गात तुझा शेषशायीच्या शिल्पावरचा निबंध हातात नाचवत ‘काय म्हणे, काय म्हणे’ करत होते आणि तू खाली मान घालून बसली होतीस. मी तुझ्या मागच्याच बाकावर, तुझ्या वेणीकडे बघत. बघता बघता माझं डोकं फिरलं. मी बाक आपटून उभा राहिलो आणि म्हणालो, ‘ती म्हणते तेच खरं! ते दोघं भक्तच आहेत! दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर वाढवून घ्या!’ अख्खा वर्ग हसला. सरांची अशी फजिती आजवर कुणी केली नसेल. आणि तू मात्र माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुझ्याच निबंधावर शाई सांडली.

असो. आता मुद्द्याचं. तू ज्या दगडावर निबंध लिहिलास, त्याच दगडाशी मी नोकरी धरली आहे.

तुझा,
(काय ते तूच ठरव)


२९ नोव्हेंबर

प्रिय,

तुझं कार्ड मिळालं. दोनच शब्द. ‘निबंध वाच.’ अगं, वाचायचा कशाला? तो मला पाठ आहे. त्या दोन भक्तांसाठी मी शिक्षणावर पाणी सोडलं, आणखी काय वाचू? पण कार्ड जपून ठेवलंय. ‘वाच’मधल्या ‘वा’ला तू जरा लांब काना दिला आहेस. रागाने माणूस असा काना देत नाही, असं माझं मत आहे.

तू तो दगड फोटोतच पाहिला आहेस, म्हणून सांगतो. डोंगर चढून आलं की जंगलात एक ओढा लागतो. ओढ्याच्या तळाशी, पाण्याखाली, ओळीने शिवलिंगं कोरलेली. वळणावर एक कलता कातळ, त्यावर शेषशायी विष्णू आडवा झालेला. नाभीतून कमळ, पायाशी लक्ष्मी, आणि पायांच्याही खाली ते दोघं. नाक-डोळे कधीच झिजलेत, नुसत्या डोक्यावर गेलेल्या हातांवरून माणसं आहेत म्हणायचं. वर झाडी इतकी दाट की भरदुपारी तिथे तिन्हीसांजा झालेल्या असतात. काही म्हणता काही दिसत नाही.

तिथे मी लागतो. वरच्या उघड्या खडकावर ऊन असतं. तिथे मी कपाटाच्या दाराचा एक उभा आरसा घेऊन बसतो आणि ऊन खाली फेकतो. खाली गाईडकाका बोलतात. ते ‘मुकुट’ म्हणाले की माझा उजेड मुकुटावर, ‘चरण’ म्हणाले की चरणांवर. ते ठसका लागून थांबले तर मीही आहे तिथे थांबतो. सूर्य सरकत राहतो, त्यामुळे आरसा धरून स्वस्थ बसलं तर देवाच्या छातीवरचा उजेड हळूहळू शेजारच्या झुडपात जातो आणि लोक भक्तिभावाने झुडूप बघत राहतात. पहिल्या दिवशी तसंच झालं. काका वर बघून म्हणाले, ‘राजे, देव इकडं निजलाय!’ ते मला राजेच म्हणतात. प्रेमाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी एक वानर आलं. त्याने आरशात बघितलं, दात विचकले, समोरच्यानेही विचकले. मग याने त्याला थोबाडीत मारली. स्वतःचाच हात दुखला तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच सुरुवात केली. काका म्हणाले, ‘बघून ठेवा राजे, कॉलेजात तुम्ही हेच केलंत.’ मी उत्तर दिलं नाही. म्हणजे दिलं, पण ते जेवायला गेल्यावर.

तुझ्या बाजूने मात्र मी इथे काम सुरू केलंय. काका त्या दोघांकडे आधी लक्षच देत नसत. मी त्यांच्या मागे लागून लागून ते भाषणात घालायला लावलं. आता ते म्हणतात, ‘पायाशी हे दोन भक्त. एका मोठ्या विदुषीचं असं ठाम मत आहे. त्यांच्यासारखे आपणही क्षणभर हात जोडूया.’ आणि सगळे लोक, म्हातारेकोतारे, पोरंटोरं, त्या दोघांसारखे हात डोक्यावर नेऊन उभे राहतात. वरून बघताना माझा ऊर भरून येतो. तुझं मत आता रोज दोनदा, सुट्टीच्या दिवशी चारदा सांगितलं जातं. तूही कधी एवढं सांगितलं नसशील.

तुझाच


२० डिसेंबर

प्रिय,

सहल येतेय! काकांना निरोप आलाय. कॉलेज तेच, विषय तोच, सर तेच. म्हणजे तूही.

ऐकल्यापासून मी दोन कप फोडले. चहावाल्या मावशी म्हणाल्या, ‘कोण येतंय एवढं?’ मी म्हणालो, कुणी नाही, कॉलेजची पोरं. त्या म्हणाल्या, ‘कुणी नाही म्हणताना एवढं लाल कशाला व्हायचं?’

काका सगळं जाणून आहेत, कारण मी सगळं सांगितलंय. त्यांनी मला समोर बसवलं.

‘राजे, तुमचे ते सर काहीबाही बोलतील.’

‘बोलू देत. मीही बोलेन.’

‘तेच तर. तुम्ही वरून एक शब्द जरी काढलात, तर आरसा माझ्या हातात आणि तुम्ही बसमध्ये. आणि नोकरीचं सोडा. ती पोरगी काय म्हणाली होती?’

‘माझ्या वतीने बोलू नकोस, म्हणाली होती.’

‘मग? ती येणार, समोर उभी राहणार, सर तिला बोलणार, आणि तुम्ही वर. अशी परीक्षा कॉलेजातही लागली नसती. इथे नापास झालात तर पुन्हा बसता येणार नाही.’

मी म्हणालो, काका, मला जमणार नाही, माझ्या जिभेला हाड नाही. त्यावर ते ओढ्यात उतरले, एक गुळगुळीत गोटा शोधून आणला आणि माझ्या हातावर ठेवला. ‘हे घ्या हाड. तोंडात धरायचा.’

आता रोज गोटा तोंडात ठेवून आरसा धरतो. पहिल्या दिवशी एका पर्यटकाने शेषनागाला मगर म्हटलं. गोटा जवळजवळ फुटला, पण मी गप्प राहिलो. तुला खरं वाटणार नाही, म्हणून साक्षीला मावशी आहेत.

मी तुझ्याशी पाच मिनिटं बोलायचं म्हणतोय. नियमाप्रमाणेच. सहलीच्या दिवशी तुझ्या वतीने एक शब्दही बोललो नाही, तर शेवटी वरच्या खडकावर येशील? उत्तर नको. आलीस तर आलीस.

वाट बघणारा


७ जानेवारी

विषय: दिनांक ६ रोजी आरशाचा उजेड तुझ्या तोंडावर का पडला, याबद्दल लेखी खुलासा

तू वर येऊन म्हणालीस, ‘एक पत्र चालेल. त्यात विचारलं तेवढंच लिही. माझ्या डोळ्यांवर उजेड का मारलास, तेवढंच.’ म्हणून आज मायना नाही. खुलाशाला मायना नसतो.

तुम्ही सगळे खाली होता, तुम्हाला फक्त उजेड दिसला. वर काय चाललं होतं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुम्ही वळणावर आलात तेव्हा मी गोटा तोंडात टाकून तयार होतो. आधी सरांचा चष्मा दिसला, मग तू, आणि तुझ्यामागे एक पोरगा. पाठीवर त्याची पिशवी आणि पोटावर तुझी. मी त्याच्याबद्दल काही विचारणार नाही, कारण ते खुलाशात बसत नाही. फक्त नमूद करतो, की दोन पिशव्या असूनही तो चांगला वेगात चढत होता.

काकांनी मुकुटापासून सुरुवात केली. माझा उजेड मुकुटावर. कमळ, तर कमळावर. लक्ष्मी, तर लक्ष्मीवर. हात जरासुद्धा हलला नाही. त्या दरीत आवाज वर असा येतो, जणू कानाशी कुणी बोलतंय. तू शिंकलीस तेही ऐकू आलं. मग काका म्हणाले, ‘आणि हे दोन भक्त. एका मोठ्या विदुषीचं असं मत आहे की...’ एवढ्यात सर हसले.

‘विदुषीचं? अहो, हे माझं मत आहे! मी पंचवीस वर्षं हेच शिकवतोय. आमच्या या बाईंचा आक्षेप आहे त्याला. यांच्या मते हे भक्त नाहीतच, दैत्य आहेत.’

माझ्या हातात आरसा होता. देवाच्या पायाशी उजेड होता. आणि माझं डोकं एकदम रिकामं झालं.

सर पुढे म्हणाले, ‘त्यावरून एक गंमत आठवली. आमच्याकडे एक रागीट पोरगा होता. मी या बाईंचा निबंध वाचून दाखवत होतो, तर हा उठला, बाक आपटला, यांचा कैवार घेऊन ओरडला की ते भक्तच आहेत, आणि कॉलेज सोडून गेला. मला आजवर इतका कडवा पाठिंबा कुणी दिलेला नाही.’

सगळे हसले. काकाही हसले. तो दोन पिशव्यांचा तर पोटावरच्या पिशवीत तोंड खुपसून हसला.

आता खुलाशाचा मुख्य भाग. मला त्या क्षणी एकच गोष्ट बघायची होती. तूही हसतेयस का. खाली अंधार, वरून नुसती डोकी दिसतात. आणि बघायचं साधन माझ्याजवळ एकच होतं. म्हणून मी उजेड देवावरून उचलला आणि तुझ्यावर आणला. विचार करून नाही. हात आपोआप गेला. पण आरसा माझ्या हातात होता, तेव्हा जबाबदारी माझी.

तू हसत नव्हतीस. डोळ्यांवर हात धरला होतास आणि ओठ दाबून उभी होतीस. तू वर्गातही अशीच बसली होतीस, आणि मी मागून नुसती वेणी बघत होतो.

काका ओरडले, ‘राजे! देव!’ मी उजेड जागेवर आणला.

खुलासा इथे संपायला हवा. पण पुढचं सांगितलं नाही तर तो खरा वाटणार नाही, म्हणून थोडं.

सर म्हणाले, ‘मग बाई, दाखवा तुमचे दैत्य. आता तर दगडच समोर आहे.’ त्यांचा तो ‘बाई’ ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंड उघडलं. गोटा दातांवर वाजला. मी म्हणणार होतो... काय म्हणणार होतो? भक्त आहेत म्हणू की दैत्य आहेत म्हणू, हेच मला कळेना. मला तुझ्या बाजूने बोलायचं होतं आणि तुझी बाजू कोणती, हे मला माहीत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी एवढा गप्प झालो, आणि गोट्याचा त्यात काही वाटा नव्हता.

आणि मग खालून तुझा आवाज आला. ‘आरसेवाले दादा!’

दादा! गोटा गिळलाच असता. ते एक वेळ मी पोटात घातलं (दादा, गोटा नव्हे).

‘समोरून उजेड नको. समोरून सगळं सपाट दिसतं. बाजूने हवा, कातळाला घासून जाईल असा. जमेल?’

मला वरून ते जमणार नव्हतं, हे तू माझ्या आधी ओळखलंस. म्हणून तू मावशींचा मोठा स्टीलचा ट्रे मागितलास आणि तो त्या दोन पिशव्यावाल्याच्या हातात देऊन त्याला ओढ्यात उतरवलंस, कातळाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात. मी वरून ट्रेवर उजेड टाकायचा, त्याने ट्रे कलता करून तो दगडावर आडवा सोडायचा.

आता जरा माझ्या जागी उभी राहा. भर दुपारचं ऊन माझ्या हातात. खाली तो. ट्रे त्याच्या छातीशी, आणि त्याचे डोळे ट्रेपासून वीतभर वर. बोटाची नुसती हालचाल पुरे होती. तो तोल जाऊन आडवा झाला असता तर अपघातच म्हणाले असते लोक, पाण्याखालची लिंगं निसरडी आहेतच. मी तो उजेड ट्रेच्या मधोमध धरून ठेवला. दंड भरून आले होते, घाम डोळ्यांत जात होता, एक डास मानेवर निवांत जेवत होता. तू म्हणत होतीस, ‘ट्रे आणखी खाली. आणखी तिरपा. दादा, उजेड हलवू नका.’ मी हलवला नाही.

मला इतक्या लांबून दगडावर काही दिसलं नाही.  मग खालून कुणीतरी म्हणालं, ‘अरे, गदा!’

तू किती शांतपणे बोललीस. ‘डोक्यामागे बघा सर. ही दांड्याची रेघ, हा वरचा गोळा. हात जोडलेले नाहीत, उगारलेले आहेत. विष्णू झोपलेला असताना चालून आलेले दैत्य, मधु आणि कैटभ. निबंधात मी इतर ठिकाणच्या शिल्पांवरून एवढंच म्हटलं होतं, की इथेही गदा असावी. आता आहे.’

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि थेट ओढ्यात पाय घालून दगडाजवळ गेले. बराच वेळ वाकून होते. मग म्हणाले, ‘हं. निबंध पुन्हा द्या. पुन्हा वाचतो.’ सर असं म्हणू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं. आणि काका कपाळावर हात मारून म्हणाले, ‘च्यायला! म्हणजे इतके दिवस मी देवाला मारायला निघालेल्यांसारखं उभं राहायला सांगतोय लोकांना? म्हाताऱ्या बायांना पण?’

मी त्यात एक शब्दही बोललो नाही. हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

तुझ्या लक्षात आलं, कारण बाकीचे चहाला गेल्यावर तू वर आलीस. खडक चढून दम लागला होता, तरी बसली नाहीस. म्हणालीस, ‘बोल आता.’ आणि माझ्या गालात गोटा. तो काढायचंही सुचलं नाही. तू विचारलंस, ‘दाढ दुखतेय का?’ मी नाही म्हणून मान हलवली. मग तुझ्यापुढे तो तळहातावर काढला. तू बघितलास, आणि मला शपथेवर सांगायचंय, तेव्हा तू हसलीस. फार नाही. पण हसलीस. आणि लगेच रागावलीस. म्हणालीस, ‘माझं भांडण होतं ते. मी उत्तर तयार करून बसले होते. सगळ्यांदेखत, दगडाच्या आधाराशिवाय, नुसत्या शब्दांत सिद्ध करणार होते. तू उठलास आणि वर्ग माझ्यावर हसला. मी काय लिहिलंय ते तुला माहीतसुद्धा नव्हतं. ही पहिली गोष्ट. आणि दुसरी गोष्ट म्हणजे...’

आणि खाली बसने हॉर्न दिला. सर हाका मारायला लागले. तू जाता जाता खुलाशाचं सांगितलंस आणि धावत उतरलीस.

विचारलं होतं तेवढं लिहून झालं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं आणखी पुष्कळ आहे, पण ते राहू दे. तुझं बोलून व्हायचंय अजून.

दुसरी गोष्ट काय?